माळावर सोडू नका, भाद्रपदाच्या आत कामाला लागा

प्रश्न : सोलापूरच्या हद्दवाढ भागातील चार इमारतींच्या एका गृहनिर्माण सोसायटीचा मी सचिव आहे. आमच्या पार्किंगमधील जिन्याखाली एका भटक्या कुत्रीने पाच पिल्ले घातली असून गेले तीन आठवडे ती जाणाऱ्या-येणाऱ्यांवर गुरगुरते. परवा शिकवणीहून परतणाऱ्या एका मुलाच्या अंगावर ती धावून गेली. चावली नाही, पण मुलगा पळताना पडला आणि त्याचा गुडघा फुटला. याशिवाय फाटकापाशी चार कुत्री असतात. ती रात्री भुंकतात आणि दुचाकींमागे लागतात. काही सभासदांचे म्हणणे आहे की टेम्पो करून सगळ्यांना बार्शी रस्त्याकडच्या माळावर सोडून यावे. दुसरीकडे, आमच्यातल्या एक काकू रोज संध्याकाळी फाटकातच त्यांना भाकरी घालतात आणि त्यांना हलवण्याला त्यांचा कडवा विरोध आहे. माझी सात वर्षांची मुलगीही त्याच जिन्याने ये-जा करते. ही कुत्री अशी का वागतात आणि सोसायटीने नेमके काय करावे?
— एक सचिव, सोलापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रात निकडीची गोष्ट जिन्याखालची आहे, म्हणून सुरुवात तिच्यापासून करतो. त्या कुत्रीला आणि तिच्या पिल्लांना आत्ता हलवू नये. व्यायलेली कुत्री पिल्लांच्या जवळ येणाऱ्याला अडवते. हा तिचा कायमचा स्वभाव नसून काही आठवड्यांची अवस्था असते. पिल्लांचे डोळे जन्मानंतर साधारण दोन आठवड्यांनी उघडतात, तिसऱ्या आठवड्यात ती धडपडत चालू लागतात, आणि आडोशातून बाहेर येऊ लागली की आईची धास्ती वाढते. आपण पत्र लिहिले ते नेमके या टप्प्यावर. सातव्या आठवड्याच्या सुमारास चित्र बदलू लागते. आई पिल्लांना दूध नाकारू लागते, त्यांच्यापासून दूर जाऊन पडून राहू लागते आणि अडीच-तीन महिन्यांत त्यांचे दूध पुरते सुटते. म्हणजे आपल्याला निभावून न्यायचा आहे तो फार तर महिना-सव्वा महिन्याचा काळ.

तेवढ्या काळासाठी, दुसरा जिना असेल तर सर्वांनी तोच वापरावा. नसेल तर कुत्री खाण्यासाठी बाहेर गेली असताना, काकूंना बरोबर घेऊन, तिची जागा आणि माणसांची वाट यांच्यामध्ये प्लायवुडचा किंवा पत्र्याचा आडोसा उभा करावा आणि तिला ये-जा करायला वाटेच्या उलट बाजूला फट ठेवावी. येणारा माणूस तिला दिसला नाही आणि पिल्ले माणसांच्या पायात आली नाहीत, तर तिचे धावून येणे बहुतांशी थांबते. तेथे चांगला दिवा लावावा आणि पाण्याचे भांडे आतल्या बाजूला ठेवावे. पिल्लांना कोणी उचलू नये, फोटो काढण्यासाठी वाकू नये आणि तिला काठीने हुसकावू नये. दोन-तीनदा काठी खाल्लेली आई पुढे काठी नसलेल्या माणसालाही शत्रूच समजते, आणि त्याचा त्रास काठी मारणाऱ्यापेक्षा शाळेतून येणाऱ्या मुलांना अधिक होतो.

तिने जिन्याखालचीच जागा का निवडली, हा प्रश्न आपल्या काही सभासदांना पडला असेल. कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे रस्त्यावरच्या कुत्र्यांचाच अभ्यास करीत आहेत. त्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार, विण्यासाठी जागा शोधणाऱ्या माद्या माणसांपासून लांब जात नाहीत, उलट माणसांच्या वस्तीलगतच्या जागा पसंत करतात. आपल्याला हे चमत्कारिक वाटते, कारण रस्त्यावरचे कुत्रे म्हणजे कुठूनतरी भरकटत आलेला किंवा कोणाच्या तरी घरातून हाकललेला प्राणी, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात यातील बहुसंख्य कुत्री अशाच कुत्र्यांच्या पोटी, अशाच गल्लीत जन्मलेली असतात. त्यांच्या कित्येक पिढ्या माणसाच्या उष्ट्यावर, उकिरड्यावर आणि दयेवर जगलेल्या आहेत. जंगलात शिकार करून पोट भरणारा हा प्राणी नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यात दायमाबादला १९७४ मध्ये जो प्राचीन कांस्य रथ सापडला, त्याच्या दांडीवरही एक कुत्रा उभा आहे. महाराष्ट्रातील माणूस आणि कुत्रा यांचा शेजार किती जुना आहे हे सांगायला मला ती मूर्ती पुरेशी वाटते.

हा शेजार असला तरी त्यात कुत्र्यांचे जगणे सोपे नसते. याच गटाने ९५ वेतांतील ३६४ पिल्लांवर नजर ठेवली, तेव्हा प्रजननाच्या वयापर्यंत, म्हणजे सुमारे सात महिन्यांपर्यंत, केवळ १९ टक्के पिल्ले पोहोचली. जी मेली त्यांतील ६३ टक्क्यांच्या मृत्यूमागे या ना त्या प्रकारे माणूस होता. ही आकडेवारी मी दया उत्पन्न व्हावी म्हणून देत नाही. इतकी पिल्ले मरूनही गल्लीतली कुत्री कमी होत नाहीत, याचा अर्थ असा की अन्न आणि जागा शिल्लक असेपर्यंत मृत्यूने त्यांची संख्या आटोक्यात येत नाही. मुंबईने हे फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. तेथे ब्रिटिशांच्या काळापासून भटकी कुत्री मारली जात होती. १८३२ च्या जूनमध्ये त्याविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगलही झाली. तरीही पुढे महापालिकेने कुत्री मारण्याचा मार्ग १९९४ पर्यंत चालू ठेवला आणि त्या एवढ्या काळात मुंबईतील कुत्री संपली नाहीत. जागा रिकामी झाली की शेजारची कुत्री तेथे येतात, आणि मागे उरलेल्या माद्यांच्या पिल्लांना खाण्यात वाटेकरी कमी झाल्याने त्यातली अधिक जगतात.

टेम्पोच्या प्रस्तावाला माझा ठाम विरोध आहे तो यासाठीच. कुत्र्यांचा प्रत्येक गट आपली हद्द राखून असतो. फाटकापाशी दिसणारी ती चार कुत्री त्या जागेवर बाहेरच्यांना टिकू देत नाहीत. ती नेली तर काही आठवड्यांत तेथे दुसरी येतील, आणि ती माणसांना अनोळखी, लसीविना, आपसांत हद्दीसाठी भांडणारी असतील. माळावर सोडलेली कुत्री एक तर परतीच्या वाटेवर वाहनाखाली येतात, किंवा तेथल्या वस्तीवरच्या कुत्र्यांकडून फाडली जातात, किंवा भुकेपोटी शेळ्या-कोंबड्यांच्या मागे लागून शेतकऱ्याच्या रोषाला बळी पडतात.

आपल्या बाबतीत आणखी एक कारण आहे आणि सोलापूरकरांनी ते विशेष मनावर घ्यावे. बार्शी रस्त्याकडचा तो माळ म्हणजे मोकळी पडीक जमीन नव्हे. नान्नजचे अभयारण्य त्याच बाजूला आहे आणि त्या गवताळ भागात काळवीट, लांडगे आणि खोकड (लहान जातीचे कोल्हे) राहतात. वन्यजीव-अभ्यासक अबी वनक यांनी नान्नज परिसरातच खोकडांचा अभ्यास केला, तेव्हा कुत्रे जवळ असले की खोकड समोरचे अन्नदेखील सोडतो, असे त्यांना आढळले. कुत्र्यांबरोबर डिस्टेंपर आणि रेबीज हे रोगही माळावर पोहोचतात. लांडग्यांशी कुत्र्यांचा संकर होतो हा धोका वेगळाच. आपल्या पार्किंगमधली अडचण आपण त्या मुक्या प्राण्यांच्या घरात नेऊन टाकू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता रात्रीच्या भुंकण्याविषयी. ही कुत्री दिवसाचा बराचसा वेळ झोपून किंवा नुसते पडून काढतात, आणि माणसांची वर्दळ कमी झाली की हिंडू लागतात. गट एकत्र राहत असला तरी खाणे शोधायला बहुधा एकेकटे कुत्रे जाते, त्यामुळे शेजारच्या गटाच्या हद्दीवर त्याची गाठ परक्यांशी पडते, एक भुंकते आणि बाकीची त्याला साथ देतात. दिवसाही हे होते, पण तेव्हा वाहनांच्या आवाजात ते आपल्या कानावर येत नाही. दुचाकीमागे धावणे हे काही अंशी हद्दीचे रक्षण आणि काही अंशी वेगाने पळणाऱ्या वस्तूमागे धावण्याची जुनी प्रेरणा असते. कुत्र्याच्या दृष्टीने पाहिले तर वाहन प्रत्येक वेळी पळून जाते, म्हणजे त्याचा प्रत्येक पाठलाग यशस्वी ठरतो आणि सवय पक्की होते. म्हणून फाटकाजवळ वेग अगदी कमी करावा, कुत्रे अंगावर आलेच तर वाहन थांबवावे, आणि पाय उचलून लाथ मारण्याचा मोह टाळावा. थांबलेल्या वाहनाचे काय करायचे हे कुत्र्याला बहुधा सुचत नाही.

सगळ्यात गोंधळाचे दिवस भाद्रपदाचे असतात, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. घरात पाळलेली कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, परंतु आपल्या रस्त्यावरच्या माद्यांचा माज बहुतांशी पावसाळ्याच्या उत्तरार्धात एकवटलेला असतो. पश्चिम बंगालमध्ये कटवा या गावी सुनील कुमार पाल यांनी केलेल्या दीर्घ निरीक्षणांतही हाच काळ दिसतो. एका मादीमागे अनेक नर जमतात, दूरच्या गल्लीतले नर हद्द ओलांडून येतात, मारामाऱ्या होतात आणि त्या घोळक्याच्या मध्ये सापडलेल्या माणसाला चावा बसण्याचा संभव वाढतो. गर्भाचा काळ सुमारे ६३ दिवसांचा असतो, म्हणून कार्तिक-मार्गशीर्षात गल्लोगल्ली पिल्ले दिसू लागतात. आपल्या जिन्याखालची पाच पिल्ले याच हिशेबातली आहेत.

या हिशेबावरच सोसायटीचे वेळापत्रक ठरवावे. जिन्याखालच्या कुत्रीची नसबंदी पिल्लांचे दूध सुटल्यावर करावी, त्याआधी नको, कारण आईला आत्ता उचलले तर पिल्ले उपाशी मरतील. फाटकावरच्या चौघांसाठी मात्र थांबण्याचे काही कारण नाही. त्यांच्यापैकी कोणाच्या कानाला खाच आहे का ते आधी पाहावे. खाच असेल तर त्या कुत्र्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, आणि मग त्याला केवळ लस देण्याचा प्रश्न उरतो. बाकीच्यांसाठी महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे सोसायटीच्या पत्रावर लेखी अर्ज द्यावा, त्यात प्रत्येक कुत्र्याचा रंग, खुणा, नर की मादी हे लिहावे आणि फोटो जोडावेत. अर्जाची पोच घ्यावी आणि पाठपुरावा करावा. आषाढ संपण्याच्या आत पाचही मोठी कुत्री शस्त्रक्रिया होऊन परत आलेली असतील, तर येत्या भाद्रपदात आपल्या फाटकाशी नरांचा घोळका जमणार नाही आणि पुढच्या मार्गशीर्षात जिन्याखाली नवे वेत नसेल. भुंकणे त्याने पूर्ण थांबेल असे मी म्हणत नाही. हद्दीचे भुंकणे राहील, पण माजाच्या दिवसांतल्या मारामाऱ्या आणि पिल्लांपायी अंगावर धावणे हे दोन्ही जाईल.

कायद्याची बाजूही सभासदांसमोर ठेवावी. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली २०२३ मध्ये प्राणी जन्मनियंत्रणाचे नवे नियम आले. त्यांनुसार निर्बीजीकरण आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे, आणि कुत्रे जेथून उचलले तेथेच परत सोडायचे असते. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही हीच पद्धत मान्य केली, मात्र रेबीज झालेली किंवा तसा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री न्यायालयाने वगळली, आणि खाणे रस्त्यावर कोठेही न घालता ठरवलेल्या जागीच घालावे असे सांगितले. शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांसारख्या आवारांसाठी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये वेगळा आदेश झाला आणि तेथून उचललेली कुत्री तेथे परत सोडायची नाहीत असे ठरले. निवासी सोसायटी त्या यादीत मोडत नाही. टेम्पो करून कुत्री परस्पर नेण्याचा अधिकार कोणत्याही सभासदाला नाही.

काकूंशी सोसायटीने भांडू नये. त्यांच्या हातची भाकरी खाणारी कुत्री त्यांना ओळखतात, जवळ येऊ देतात, आणि लस देण्याच्या दिवशी याचा जो उपयोग होईल तो जाळीवाल्या माणसांच्या चातुर्याने होणार नाही. परंतु भाकरी फाटकात घालणे चुकीचे आहे, हे त्यांना आदराने आणि स्पष्ट सांगितले पाहिजे. जेथे अन्न मिळते ती जागा कुत्री राखतात, आणि फाटकात अन्न मिळत असेल तर ती फाटक राखणार. २०२३ च्या नियमांतही खाणे घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून, जिन्यापासून आणि ये-जा करण्याच्या वाटेपासून दूर असावी, आणि मुले व वृद्ध तेथे असण्याची वेळ टाळावी, असे म्हटले आहे. आवाराच्या मागच्या भिंतीजवळची एखादी जागा आणि एक ठराविक वेळ ठरवावी. कुत्री नव्या जागेला लवकर सरावतात. उरलेले अन्न काकूंनी अर्ध्या तासात उचलून जागा स्वच्छ करावी. त्याचबरोबर घंटागाडी येण्याच्या कितीतरी आधी ओल्या कचऱ्याच्या पिशव्या फाटकाबाहेर ठेवण्याची पद्धत आपल्याकडे असेल तर ती बंद करावी. काकूंच्या चार भाकऱ्यांवर सर्वांचा डोळा असतो, पण मटणाच्या हाडांच्या पिशव्या कोणाच्या घरून येतात याची चर्चा सभेत होत नाही. कुत्री वासावरून मांस आधी शोधतात आणि त्यासाठी दूरची कुत्रीही येतात.

रेबीजविषयी मी थोडे कडक बोलणार आहे, कारण येथे चूक झाली तर ती दुरुस्त करता येत नाही. माणसाला होणारा रेबीज ९९ टक्के वेळा कुत्र्यापासून येतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच मृत्यूने संपतो. चावा, दाताचा ओरखडा, नखाने निघालेले रक्त, किंवा आधीच्या जखमेवर कुत्र्याने चाटणे यांपैकी काहीही झाले तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची यांतले काहीही जखमेवर लावू नये. सरकारी रुग्णालयात लस मिळते. त्वचेत दिली जात असेल तर ती पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यायची असते. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते, ते आग्रहाने मागावे. पिल्लू लहान होते म्हणून त्याच्या चाव्याकडे दुर्लक्ष करू नये, पिल्लांनाही रेबीज होतो. त्या मुलाचा गुडघा जमिनीवर आपटून फुटला असेल आणि कुत्रीचे दात, नख किंवा लाळ लागलीच नसेल तर या लसीची गरज नाही. परंतु मुले घाबरून पुरते सांगत नाहीत, म्हणून त्याच्या आईवडिलांनी त्याला शांतपणे पुन्हा विचारावे आणि शंका राहिली तर डॉक्टरांना दाखवावे.

कुत्र्यांना लस दिल्याने माणसे वाचतात, याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. गोव्यात पथकांनी हाताने आणि जाळ्यांनी धरून रस्त्यावरच्या कुत्र्यांना दरवर्षी लस दिली आणि सुमारे ७० टक्के कुत्र्यांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट ठेवले. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले, तेव्हा आधीच्या तीन वर्षांत तेथे रेबीजने एकही माणूस दगावला नव्हता. आपल्याकडे प्रश्न पाच कुत्र्यांचा आहे. त्यांना दरवर्षी लस द्यायला सोसायटीला होणारा खर्च एका टेम्पोच्या भाड्यापेक्षा फार वेगळा नसेल.

आपल्या मुलीला आणि सोसायटीतल्या सर्व मुलांना काही गोष्टी करून दाखवाव्यात, नुसत्या सांगू नयेत. कुत्रे अंगावर आले तर पळायचे नाही, ओरडायचे नाही, त्याच्या डोळ्यांत पाहायचे नाही, हात अंगाशी धरून खांबासारखे स्तब्ध उभे राहायचे आणि ते थांबले की तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरायचे. खाली पडलेच तर अंगाची मुटकुळी करून मान आणि कान हातांनी झाकायचे. झोपलेल्या, खाणाऱ्या किंवा पिल्लांजवळ असलेल्या कुत्र्याच्या वाटेला जायचे नाही. मोठ्यांनी मुलांदेखत दगड भिरकावू नयेत. आयसरच्या त्याच गटाने २०१७ मध्ये दाखवले की अनोळखी माणसाने वारंवार मायेने अंगावरून हात फिरवला, तर रस्त्यावरची कुत्री खाण्यापेक्षाही त्या स्पर्शामुळे त्याच्यावर अधिक विश्वास ठेवू लागतात. माणसाचे वागणे ती इतक्या बारकाईने लक्षात ठेवतात, म्हणून एकाने गोंजारायचे आणि दुसऱ्याने दगड मारायचा, असे जेथे चालते तेथली कुत्री बिथरलेली असतात. याचा अर्थ मुलांनी त्यांना हात लावत फिरावे असा नाही. लस दिलेल्या, ओळखीच्या कुत्र्याला मोठ्यांच्या देखत हात लावणे वेगळे आणि जिन्याखालच्या पिल्लांना उचलणे वेगळे.

पिल्ले दोन महिन्यांची झाली की त्यांच्यासाठी घरे शोधावीत. आपली गावठी कुत्री आपल्या हवेत निरोगी राहतात आणि घरातही उत्तम रुळतात. जी उरतील त्यांना तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस द्यावी आणि सहा महिने पूर्ण झाल्यावर नसबंदीसाठी नावे नोंदवावीत.

फाटकावरच्या चौघांपैकी एखादे कुत्रे पिल्ले, खाणे, हद्द यांपैकी काहीच कारण नसताना चावू लागले, किंवा त्याचे वागणे एकाएकी बदलले, लाळ गळू लागली, आवाज घोगरा झाला, चालताना ते लडखडू लागले, तर मुलांना आत घ्यावे, त्याला कोणी हात लावू नये, मारूही नये, आणि लगेच महापालिकेला कळवून त्याला वेगळे ठेवायला सांगावे. चावलेले कुत्रे दहा दिवस जिवंत आणि धडधाकट राहिले तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असे समजतात, परंतु त्या निकालाची वाट पाहत लस लांबवू नये. अशा कुत्र्यासाठी काकूंनीही हट्ट धरू नये. उरलेल्या चार कुत्र्यांवर सभासदांचा विश्वास टिकवायचा असेल, तर या एकाबाबत त्यांनी सोसायटीच्या बाजूने उभे राहिले पाहिजे.